खोकल्यात अडकलेलं यॉडल

अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीच्या ‘डस्ट न्यूमोनिया ब्लूज’ या गाण्यात मध्येच गायक सांगतो की इथं खरं तर यॉडलिंग हवं होतं, पण छातीत घरघर एवढी चाललीय की यॉडल काही निघत नाही. एवढं बोलून गडी पुढच्या कडव्याला लागतो. आवाजात हुंदका नाही, आणि आपण काही फार भारी बोललो असा आवही नाही.

यॉडलिंग म्हणजे काय ते किशोरकुमारनं आपल्याला शिकवून ठेवलंय, त्यामुळे समजावत बसत नाही. पण हा विनोद ज्या तबकडीवर आहे ती व्हिक्टर कंपनीची, आणि अमेरिकेला यॉडलिंगचं वेड लावणारा जिमी रॉजर्स हा याच कंपनीचा कलावंत. रॉजर्सला क्षय होता. मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कला शेवटची गाणी ध्वनिमुद्रित करताना त्याला मधून मधून खाटेवर आडवं व्हावं लागत होतं, आणि त्याच मुक्कामात, २६ मे रोजी, तो गेला. वय ३५. त्यानंतर सात वर्षांनी त्याच कंपनीच्या मायक्रोफोनसमोर दुसरा एक जण येतो आणि म्हणतो, यॉडल करणार होतो, पण फुप्फुसांत धूळ बसलीय. ज्यांच्या घरात रॉजर्सच्या तबकड्या होत्या त्यांना हे ऐकून हसू आलं असेल, आणि लगेच आपण कशाला हसलो असंही वाटलं असेल.

हा विनोद सहज सुचलेला वाटतो. मला तो चांगला बेतलेला वाटतो. आणि तो ज्या अल्बममध्ये आहे, त्या ‘डस्ट बोल बॅलड्स’बद्दल, म्हणजे १९४० सालच्या तबकड्यांच्या त्या दोन संचांबद्दल, माझं हेच म्हणणं आहे. लोकसंगीताच्या पहिल्यावहिल्या अल्बमांमध्ये त्याची गणना होते. त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण ‘मातीचा हुंकार’ वगैरे म्हणून मोकळे होतात. माती आहेच, किलोनं आहे. पण हुंकार नाही. हा अल्बम कुणीतरी मागितला म्हणून झाला, एका गाजलेल्या कादंबरीच्या आणि सिनेमाच्या लाटेवर स्वार होण्यासाठी झाला, तीन-तीन मिनिटांच्या साच्यात कापूनकोरून बसवला गेला. आणि करणारा माणूस स्वतः शेतकरी नव्हता. एवढं सगळं असूनही तो खरा आहे. कसा, ते सांगायचा हा खटाटोप.

आधी धुळीचं थोडक्यात. अमेरिकेच्या मध्यभागी उत्तर-दक्षिण पसरलेली गवताळ मैदानं आहेत. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, ट्रॅक्टर आले, आणि हजारो वर्षं माती धरून बसलेलं गवत नांगरून काढलं गेलं. पुढे भाव पडले, आणि १९३० नंतर पाऊसही गेला. उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उठू लागली. मे १९३४ मध्ये ती पार न्यूयॉर्क-वॉशिंग्टनपर्यंत पोचली. ओक्लाहोमाचा आणि टेक्सासचा वरचा चिंचोळा पट्टा, कॅन्ससचा, कोलोरॅडोचा आणि न्यू मेक्सिकोचा लगतचा भाग, हा त्या सगळ्याचा गाभा, म्हणजेच ‘डस्ट बोल’. तिथली माणसं मोडक्या मोटारींवर गाद्या आणि भांडी बांधून कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली.

१४ एप्रिल १९३५ हा रविवार तिकडं ‘काळा रविवार’ म्हणून लक्षात राहिला. त्या दिवशी वुडी टेक्सासमधल्या पॅम्पा या गावात होता. तेवीस वर्षांचाही नव्हता, नुकतंच लग्न झालेलं. पाट्या रंगवायचा, जमेल तिथं गिटार वाजवायचा. पाच वर्षांनी त्यानं त्या दिवसाची हकीकत लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सला सांगितली, ती ध्वनिमुद्रित झाली आहे. काळी भिंत चालत यावी तसं वादळ आलं, माणसं घरात गोळा झाली, आणि खोलीत विजेचा दिवा लावलेला असूनही तो पेटलेल्या सिगारेटच्या टोकाएवढाच दिसत होता. जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांना वाटलं की हाच जगाचा शेवट. बायबल वाचलेली माणसं होती, त्यांना तसं वाटणं साहजिक होतं.

याच प्रसंगावर त्यानं एक गाणं केलं. अल्बमवर त्याचं नाव ‘डस्टी ओल्ड डस्ट’ आहे, पुढे ते ध्रुवपदाच्या शब्दांवरून जास्त ओळखलं गेलं. आता जग बुडणार म्हणताना माणसं काय करतात? गाण्यातली माणसं एकमेकांना ‘बरंय, येतो, ओळख झाली, आनंद वाटला’ असं म्हणतात. प्रेमिक जोडपी अंधारात बसतात, बिलगतात, उसासे टाकतात. पण लग्नाचं बोलायच्या ऐवजी हेच, बरंय, येतो. चर्चमध्ये ही गर्दी. धर्मोपदेशक प्रवचनाला उभा राहतो, पण धुळीत पोथीचं अक्षर दिसत नाही. मग तो चष्म्याची घडी घालतो, दानाची थाळी फिरवून घेतो, आणि म्हणतो, बरंय, येतो. थाळी मात्र फिरवून घेतली. त्या एका क्रियापदात वुडीनं जे केलंय ते करायला आपल्याकडच्या एखाद्या बतावणीतल्या सोंगाड्याला पाच मिनिटं लागली असती.

आता माणसाबद्दल. जन्म १४ जुलै १९१२, गाव ओकीमा, राज्य ओक्लाहोमा. पण ओकीमा धुळीच्या त्या पट्ट्यात येतच नाही, ते राज्याच्या पूर्वेकडे आहे. वडील जमिनींची खरेदी-विक्री करणारे, स्थानिक राजकारणात असलेले, एके काळी बऱ्यापैकी पैसा पाहिलेले. पुढे सगळं गेलं. बहीण भाजून दगावली, आईला एका आनुवंशिक आजारानं गाठलं आणि ती वेड्यांच्या इस्पितळात वारली. तोच आजार, हंटिंग्टन्स, पुढे वुडीलाही झाला. म्हणजे दुःख त्याला परकं नव्हतं, पण ते धुळीचं नव्हतं, कर्जात गेलेल्या रानाचं नव्हतं. कॅलिफोर्नियाला तो गेला तोही एकटा, बायकोमुलांना पॅम्पात ठेवून, मिळेल त्या गाडीनं आणि मालगाडीच्या डब्यांतून. तिथं लॉस एंजेलिसच्या केएफव्हीडी या रेडिओ केंद्रावर तो गाऊ लागला. आपल्या मुलखातून आलेली माणसं पत्रं पाठवू लागली. मग एका वर्तमानपत्रासाठी तो स्थलांतरितांच्या छावण्या बघायला गेला.

म्हणजे ज्यांच्या वतीनं त्यानं ‘मी’ म्हटलं, त्यांच्यातला तो पुरता नव्हता. काही समीक्षकांना हे टोचतं. मला टोचत नाही. छावणीत बसून ज्याचं मूल तापानं फणफणलंय तो माणूस गाणं रचेलच असं नाही. त्याच्या शेजारी बसून ऐकणारा रचेल. आपल्याकडे ज्ञात असलेला सगळ्यात जुना पोवाडा अज्ञानदासाचा, अफझलखानाच्या वधाचा. तो प्रतापगडाच्या पायथ्याशी तलवार घेऊन उभा नव्हता. आणि आपल्याला घोडा आणि सोन्याचा तोडा इनाम मिळाल्याचं तो पोवाड्यातच सांगून टाकतो. त्यामुळे पोवाड्याची धार कमी झाली असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

१९४० च्या फेब्रुवारीत वुडी न्यूयॉर्कला आला. ३ मार्चला तिथल्या फॉरेस्ट थिएटरात शेतमजुरांच्या मदतीसाठी एक कार्यक्रम झाला. अभिनेता विल गीअर त्यामागे होता. स्टाईनबेकची, याच परागंदा शेतकऱ्यांवरची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी आदल्या वर्षी आलेली, जॉन फोर्डचा त्यावरचा चित्रपट नुकताच लागलेला, त्यामुळे कार्यक्रमालाही त्याच कादंबरीचं नाव. (कादंबरी प्रसिद्ध झाली ती तारीख होती १४ एप्रिल. काळ्या रविवारला बरोबर चार वर्षं. निव्वळ योगायोग, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.) तिथं वुडीला ॲलन लोमॅक्सनं ऐकलं. लोमॅक्स तेव्हा पंचवीस वर्षांचा, पण वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या लोकगीत-संग्रहाचं काम बघत होता. वडिलांबरोबर तुरुंग आणि शेतमळे पालथे घालून त्यानं गाणी गोळा केली होती. त्याच महिन्यात २१, २२ आणि २७ तारखेला त्यानं वुडीला वॉशिंग्टनमध्ये बसवून तासन् तास बोलतं केलं, गातं केलं. ती विजेच्या दिव्याची हकीकत त्यातलीच.

ही वॉशिंग्टनची ध्वनिमुद्रणं आणि पुढच्या महिन्यातला अल्बम एकापाठोपाठ ऐकण्यासारखे आहेत. लोमॅक्सपुढं वुडी ऐसपैस बसलाय. गोष्टीतून गोष्ट, गाण्यातून गाणं, मध्येच बापाची आठवण, मध्येच रेल्वेचा आवाज तोंडानं. संशोधकाला हवं ते सगळं त्यात आहे. पण तो अल्बम नाही. ते अभिलेखागारात गेलं आणि लोकांपर्यंत यायला १९६४ साल उजाडलं. अल्बम व्हायला आणखी काहीतरी लागतं, आणि ते पुरवलं बाजारानं.

कादंबरी खपतेय, सिनेमा चाललाय, तर धुळीवरची गाणीही खपतील, असा व्हिक्टरचा हिशेब होता. लोमॅक्सनं वुडीचं नाव पुढं केलं. कंपनी साधीसुधी नव्हती. ग्रामोफोनच्या भोंग्यात डोकावणारा तो कुत्रा आपण एचएमव्हीचा म्हणून ओळखतो, तोच अमेरिकेत व्हिक्टरच्या तबकड्यांवर बसलेला असायचा. १९२९ मध्ये रेडिओवाल्या आरसीएनं ती कंपनी घेतली. तिचं बस्तान न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला, फिलाडेल्फियाच्या समोर, डेलावेअर नदीच्या पलीकडच्या काठावर. २६ एप्रिल १९४० रोजी तिथं बहुतेक सगळी गाणी एका दिवसात झाली. उरलेलं काम ३ मे रोजी. एक गिटार, एक माउथऑर्गन, एक माणूस.

एका दिवसात झालं म्हणजे घाईघाईत उरकलं असं वाटेल. तेव्हा काम असंच व्हायचं. चुंबकीय फीत तिथं अजून आलेली नव्हती, सुई फिरत्या तबकडीवर आवाज थेट कोरत जायची. चुकलं तर ती तबकडी बाद, गाणं पहिल्यापासून. कापून जोडणं नाही, वरून डागडुजी नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची, फार ताणलं तर साडेतीन. त्यामुळे गाणं आधीच मोजूनमापून बसवून यावं लागायचं. लोमॅक्सपुढं ऐसपैस बसलेला माणूस इथं एकदम चवड्यावर आलेला ऐकू येतो.

आणि बाजारात विकायची तबकडी लाखेची. लाख आपल्याकडची. छोटा नागपूरच्या पट्ट्यात पळसावर, कुसुमावर, बोरीवर लाखेचे किडे वाढवायचे, फांद्या खरवडायच्या, माल कलकत्त्याहून जहाजावर चढायचा. जगभरच्या ग्रामोफोनला पुरणारी लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जात होती. १९४२ मध्ये महायुद्धामुळे अमेरिकन सरकारनं तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर निर्बंध घातले आणि कंपन्यांना जुन्या तबकड्या गोळा करून दळायची वेळ आली. टेक्सासची धूळ छोटा नागपूरच्या लाखेवर उमटली होती, ही गोष्ट मला उगाचच फार आवडते.

अकरा गाणी, बारा बाजू, सहा तबकड्या. तीन-तीन तबकड्यांचे दोन संच, क्रमांक पी-२७ आणि पी-२८, त्याच वर्षी जुलैमध्ये बाजारात आले. पुठ्ठ्याची जाड वही, आत कागदी पाकिटं, प्रत्येक पाकिटात एक तबकडी, आणि सोबत वुडीनं स्वतः लिहिलेला मजकूर. तोवर लोकगीतं सुट्या तबकड्यांवर यायची, पुढं एक, मागं एक, नात्यातलं काहीच नाही. त्यांना असं वहीत बांधून, ओळीनं लावून, एका माणसाच्या तोंडून एकच गोष्ट सांगायला लावायची ही कल्पनाच नवी होती. लेड बेली या लोकगायकाचा असा संच आदल्या वर्षी म्युझिक्राफ्ट कंपनीनं काढला होता, म्हणजे वुडी पहिलाच असं नाही. पण एकाच विषयावर, एकाच माणसानं रचलेल्या गाण्यांचा, असं म्हटलं तर त्याच्या आधीचं नाव मला पटकन सुचत नाही.

पहिल्या संचाची पहिली बाजू कुठली, तर ‘टॉकिन डस्ट बोल ब्लूज’. यात गाणं असं नाहीच. गिटारवर एकच ठेका चालू आणि त्यावर सरळ बोलणं, तेही अशा थंड चेहऱ्यानं की शेजारचा माणूस पानाला चुना लावता लावता गावातली बातमी सांगतोय. माझं छोटं रान होतं, म्हणतो. पाऊस थांबला, वारा सुटला. मग मी ते रान देऊन एक फोर्ड गाडी घेतली, तिच्यात तेल भरलं, आणि निघालो कॅलिफोर्नियाला. पुढे डोंगरातला नागमोडी रस्ता. गाडी उतारावर सुसाट, वळण आलं आणि ते काही घेता आलं नाही. गाडी कोलमडते, आणि डोंगराच्या अंगावर सगळीकडं विखुरलेली कोण? तर बायका, अनेकवचनी, आणि पोरं. हे अशा थाटात सांगतो की अपघात बाजूला राहतो आणि एका फोर्डमध्ये किती माणसं कोंबली होती त्याचा हिशेब आपण करत बसतो.

शेवटी ते किनाऱ्याला पोचतात, कफल्लक आणि भुकेले. बायको बटाट्याचं कालवण करते, पोरांना पोटभर वाढते. पण कालवण इतकं पातळ, की त्यातून मासिक वाचता आलं असतं. आणि मग तो म्हणतो, मला नेहमी वाटतं, अजून एवढंसं पातळ असतं ना, तर आमच्या पुढाऱ्यांनाही त्याच्या आरपार दिसलं असतं. संपलं गाणं.

या शेवटच्या वाक्यापर्यंत त्यानं पुढाऱ्यांचं नावही काढलेलं नाही. सरकार, बँक, जमीनदार, कुणालाही दोष नाही. पावणेतीन मिनिटं फक्त स्वतःची फजिती. मग एक टोला. त्या काळात डाव्या विचारांची जी गाणी न्यूयॉर्कच्या सभांमधून म्हटली जायची, त्यातली बरीचशी आज ऐकवत नाहीत, कारण ती पहिल्या ओळीपासूनच मूठ वळतात. वुडीही डाव्या मंडळींतलाच, कम्युनिस्ट पत्रात सदर लिहिणारा. मतं त्याची कमी कडक नव्हती. कारागिरी जास्त होती.

माझी आजी सांगोल्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मस्टरवर अंगठा, मुकादमाची शिवी, दुपारी सुकडी. या सगळ्याबद्दल तिनं कधी डोळ्यांतून पाणी काढलेलं मला आठवत नाही. सांगायची ती मिलोची गोष्ट. मिलो म्हणजे रेशनवर आलेली ती तांबडी अमेरिकन ज्वारी. तिची भाकरी थापायला गेलं की कडा फुटायच्या, तव्यावर टाकली की मोडायची. आजी म्हणायची, “एवढ्या लांबनं आलती, दमली आसंल बिचारी. तव्यावं टिकत न्हवती.” आम्ही पोरं हसायचो. आजी हसायची नाही, पुढचा घास भरवायची. मिलो हे टेक्सास-कॅन्ससकडचं पीक. काळ्या रविवारी जिथली माती उडाली, तीच ती मैदानं. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत सावरून तिथं जगाला पुरवण्याइतकं धान्य पिकू लागलं होतं. ‘टॉकिन डस्ट बोल’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इंग्रजीचा तो टेक्सासी सूर मला निम्मा कळला नव्हता. पातळ कालवण मात्र तिथल्या तिथं कळलं.

आता ‘टॉम जोड’. अल्बमचं हे मानाचं गाणं समजलं जातं. कादंबरीचा नायक टॉम जोड, त्याची तुरुंगातून सुटल्यापासूनची सगळी कथा सतरा कडव्यांत. कंपनीला स्टाईनबेकशी नातं जोडणारं काहीतरी हवंच होतं. वुडीचा गायक मित्र पीट सीगर हे गाणं लिहिलं त्या रात्रीची आठवण सांगायचा: वुडीनं टाइपरायटर कुठं मिळेल विचारलं, एका मित्राच्या घरी ठाण मांडलं, सोबत वाइनचा भलामोठा बुधला. सकाळी बघतात तर हा टेबलाखाली मुटकुळं करून झोपलेला आणि टाइपरायटरशेजारी पूर्ण झालेलं गाणं. ओक्लाहोमातल्या माझ्या माणसांकडं पुस्तकाला दोन डॉलर नाहीत, सिनेमाला पस्तीस सेंटही नाहीत, त्यांच्यासाठी हे केलं, असं वुडीनं नंतर लिहिलं.

हेतू थोर आहे. चालही झकास आहे. गाणं मात्र मला सारांशलेखनासारखं वाटतं. सतरा कडव्यांत एवढी मोठी कादंबरी बसवायची म्हणजे प्रत्येक कडव्यात कुणी तरी येणार, काही तरी करणार आणि मरणार किंवा निघून जाणार. एका बाजूला मावेना म्हणून ते दोन बाजूंवर तोडलं. ऐकणाऱ्यानं मध्येच उठायचं, तबकडी उलटायची, सुई परत टेकवायची, आणि कथा पुढं. जाणकार मला यावरून झोडपतील, झोडपोत. ‘टॉम जोड’ दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल आहे आणि ‘टॉकिन डस्ट बोल’ कालवणाबद्दल.

‘टॉम जोड’ची चाल मात्र त्याची नव्हे. ती ‘जॉन हार्डी’ या जुन्या गाण्याची, कार्टर कुटुंबानं १९२८ मध्ये व्हिक्टरसाठीच गायलेली. म्हणजे कंपनीला तिचीच चाल नव्या शब्दांत परत विकली. वुडीनं आयुष्यभर हेच केलं. चाली तो सहसा करतच नसे, असलेल्या घ्यायचा. आपल्याकडे कीर्तनकारांना, भजनी मंडळांना, शाहिरांना यात काही वावगं वाटणार नाही. गणपतीच्या दहा दिवसांत सिनेमाच्या चालीवरची भक्तिगीतं कानावर आली नाहीत असं वर्ष माझ्या आठवणीत नाही. पण वुडी कधी कधी चालीबरोबर अर्थाशीही खेळतो, तिथं मजा आहे. एक लोकप्रिय भजन होतं, हे जग माझं घर नव्हे, माझं खरं घर वर स्वर्गात आहे, अशा आशयाचं. छावण्यांमधून ते आवडीनं म्हटलं जायचं. वुडीनं तीच चाल घेतली आणि म्हटलं, या जगात आता मला घरच उरलेलं नाही. स्वर्गाचा विषयच काढला नाही. मूळ भजन पाठ असलेल्या माणसाला स्वर्गाची ओळ जिथं यायची तिथं भाडेकरू शेतकरी, सावकार आणि पोलीस भेटतात. भजनाची टिंगल नाही केलेली. फक्त त्यातला दिलासा काढून घेतलाय.

‘डो रे मी’त पोलिसांचाच किस्सा आहे. १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखानं शहर सोडून आपली माणसं थेट राज्याच्या सीमेवर नेऊन उभी केली होती, खिशात पैसा नसलेल्यांना परत पाठवायला. गाणं म्हणतं, कॅलिफोर्निया म्हणजे नंदनवन आहे हो, पण खिशात खुळखुळ नसेल तर आपलं ओक्लाहोमा, कॅन्सस, जॉर्जिया बरं. सूर एकदम आनंदी, जत्रेत म्हणावं तसा. मुंबईत नव्यानं येणाऱ्याला ‘घर मिळेल हो, पागडी आहे ना?’ असं विचारणाऱ्या दलालाच्या तोंडी हे गाणं शोभलं असतं.

ध्वनिमुद्रित झालेली दोन गाणी संचांत आली नाहीत, जागा नव्हती म्हणून. ‘डस्ट बोल ब्लूज’ गेलं त्याचं मला फार वाईट वाटत नाही, धुळीची ब्लूज आधीच झालेली होती. पण ‘प्रिटी बॉय फ्लॉइड’ही गेलं. फ्लॉइड हा ओक्लाहोमाकडचा दरोडेखोर, १९३४ मध्ये पोलिसांच्या गोळीनं मेलेला. वुडीनं त्याला गरिबांचा वाली केला, आणि शेवटी म्हटलं की काही जण पिस्तुलानं लुटतात, काही फाउंटन पेननं. इतिहास म्हणून गाणं लंगडं आहे, फ्लॉइड काही उमाजी नाईक नव्हता. गाणं म्हणून अस्सल.

संच फारसे खपले नाहीत. महायुद्ध आलं, लोकांना धुळीत रस उरला नाही, कॅलिफोर्नियात विमानांच्या कारखान्यांत तीच माणसं कामाला लागली. पुढे वुडीनं आरसीएकडं संच परत काढा म्हणून विचारलं, कंपनीनं नकार दिला. मग १९५० मध्ये फोकवेज या छोट्या तबकडी कंपनीच्या मोझेस ॲशनं सरळ त्या तबकड्यांवरूनच आवाज उतरवून आपल्या नावानं एलपी काढली. कायद्यानं ही चोरी. पण त्या चोरीमुळे हा अल्बम त्या दशकात ऐकायला मिळत राहिला, आणि पुढच्या पिढीतल्या गिटारवाल्या पोरांच्या हाती लागला. त्यांच्यातला बॉब डिलन १९६१ मध्ये न्यूयॉर्कला आला तो वुडीला भेटायला. तेव्हा वुडी इस्पितळात होता, हातपाय ऐकत नव्हते. डिलनच्या पहिल्या अल्बममध्ये वुडीला उद्देशून गाणं आहे, आणि सुरुवातीच्या बोलक्या ब्लूजमध्ये तो थंड चेहरा जसाच्या तसा उचललेला आहे.

लोकसंगीताची लाट आल्यावर आरसीएला जाग आली. १९६४ मध्ये त्यांनी हा अल्बम एलपीवर आणला, गाळलेली दोन्ही गाणी घातली आणि क्रम बदलून टाकला. सुरुवात ‘द ग्रेट डस्ट स्टॉर्म’नं, ज्यात १४ एप्रिलची तारीख, वादळाची वाट, कुठल्या राज्यापासून कुठल्या नदीपर्यंत, सगळं पंचनाम्यासारखं आहे. पुढच्या बहुतेक आवृत्त्यांनी तीच सुरुवात उचलली, आणि आज मोबाइलवर तुम्ही अल्बम लावाल तर बहुधा वादळच आधी येईल. इतिहासाच्या दृष्टीनं ते बरोबर आहे: आधी वादळ, मग वाताहत. पण १९४० मध्ये वही उघडणाऱ्या माणसाला वादळ भेटायचं ते दुसऱ्या संचात. त्याच्या हाती आधी यायचा तो रान देऊन फोर्ड घेणारा गडी आणि ते पातळ कालवण. तेव्हा ऐकायचा असेल तर आपोआप वाजणारा क्रम बंद करा, गाणी हातानं लावा: टॉकिन डस्ट बोल, ब्लोइन डाउन धिस रोड, डो रे मी, डस्ट केंट किल मी, मग टॉम जोडचे दोन्ही भाग. वादळ त्यानंतर. ‘प्रिटी बॉय फ्लॉइड’ शेवटी, वेगळं.